फ्रांकनची सिल्वानर ट्रोकन: काही महिने जेवणासोबत वापरल्यानंतर

सिल्वानर म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षाची पांढरी वाइन, इथे जर्मनीतल्या फ्रांकन या वाइनप्रदेशातली. रीसलिंग या दुसऱ्या पांढऱ्या वाइनची सवय असलेल्या जिभेला ती पहिल्या घोटात मिळमिळीत वाटते. वास बेताचा, हिरव्या सफरचंदाचा आणि थोडा ओल्या गवताचा. आंबटपणाही रीसलिंगपेक्षा कमी. नुसती प्यायची असेल तर दहा युरोंत हिच्याहून बोलक्या वाइन मिळतात. ही घ्यायची ती जेवणासाठी, कारण बेताचा वास आणि बेताचा आंबटपणा ताटातल्या नाजूक चवींवर कुरघोडी करत नाही.

इथे लिहिलंय ते फ्रांकनमधल्या व्युर्झबुर्ग शहराच्या आसपासच्या, चुनखडीच्या जमिनीवरच्या, ८ ते १२ युरोंच्या बाटल्यांबद्दल. (जर्मनीत सिल्वानर लावल्याची सर्वांत जुनी नोंद फ्रांकनमधल्याच कास्टेलची, १६५९ सालची.) लेबलवर ‘ट्रोकन’ (कोरडी, म्हणजे गोड नसलेली) हवंच. त्यात लिटरला ९ ग्रॅमपर्यंत साखर चालते, पण तेवढी असेल तर आम्लही त्या मानाने असावं लागतं. फ्रांकनच्या बऱ्याच बाटल्या ४ ग्रॅमच्या आतच असतात. ‘हाल्बट्रोकन’ (अर्धी कोरडी) १८ ग्रॅमपर्यंत जाते. ‘फाइनहेर्ब’ला तर कायद्याची व्याख्याच नाही, त्यामुळे कोरडी समजून गोडसर बाटली घरी येते ती बहुतेक याच शब्दामुळे.

बॉक्सबॉयटल ही फ्रांकनची चपटी बाटली दिसायला छान, पण फ्रिजच्या दारात मावत नाही आणि नेहमीच्या रॅकमध्येही बसत नाही. आडवी ठेवायला मधला कप्पा मोकळा करावा लागतो. फ्रिजमधून थेट ४-५ अंशांवर ओतली तर आधीच कमी असलेला वास पार दबतो. २० मिनिटं बाहेर ठेवून ९-१० अंशांवर प्यावी.

हिची खरी जोडी पांढऱ्या ॲस्परॅगसची, म्हणजे श्पार्गेलची. त्यातल्या गंधकयुक्त घटकांमुळे लाकडी पिंपात मुरलेली किंवा तुरट वाइन तोंडात धातूसारखी लागते. स्टीलच्या टाकीतली साधी सिल्वानर तशी लागत नाही. माणशी अर्धा किलो घ्या. साल शेंड्याखालून बुडाकडे जाडसर काढा आणि बुडाचे दोन सेंटिमीटर कापून टाका. साल राहिली तर दातात धागे येतात आणि कडवटपणाने वाइनही कडू लागते. मीठ, चिमूटभर साखर आणि लोण्याचा तुकडा घातलेल्या पाण्यात १२ ते १५ मिनिटं शिजवा. गडबड होते ती सोबतच्या हॉलंडेज सॉसमध्ये. ३ पिवळे बलक आणि २०० ग्रॅम लोणी या प्रमाणाला अख्खं लिंबू पिळलं की त्यापुढे वाइन पाणचट होते. लिंबाचा एक चमचाच पुरे. उरलेला आंबटपणा याच वाइनचे तीन मोठे चमचे आटवून आणावा. श्पार्गेलचा हंगाम २४ जूनला संपतो.

त्यानंतर ‘मेफिशली’. माइन नदीतले छोटे मासे पिठात घोळवून तळतात आणि मांदेलीसारखे अख्खे खातात. सोबत ही वाइन अप्रतिम. मांदेलीसोबतही जमते, फक्त हळद, मीठ, लिंबू पुरे. लाल तिखट वाढलं की १२-१२.५ टक्के अल्कोहोल घशाला जाळतं. कमी मिरचीची कोथिंबीर वडी चालते. अळूवडी मात्र नको, तिच्यातल्या गुळापुढे कोरडी वाइन आंबट आणि पातळ लागते. कांदा-व्हिनेगरच्या रश्श्यात शिजवलेले ‘ब्लाउए त्सिप्फेल’ सॉसेज करताना व्हिनेगर निम्मं करून जागी वाइन घाला, नाहीतर पेल्यातली चवच कळत नाही.

तळाशी काचेसारखे खडे दिसले तर बाटली परत करू नका. थंडीत जमलेलं ते टार्टरिक आम्लाचं क्षार आहे, निरुपद्रवी. उघडलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये तीन दिवस बरी राहते. चौथ्या दिवशी ती रश्श्यातच घालावी.