कार वेल्डिंगचा क्लास आणि ‘फ्री’ मशीन

जळगावात ज्या ‘कार बॉडी वेल्डिंग क्लास’ने माझे साडेचोवीस हजार घेतले, त्याची जाहिरात आता धुळे आणि शिरपूरच्या पत्त्यावर फिरतेय. नाव बदललंय, फोन नंबर बदललेत, व्हिडिओ मात्र तेच. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. एक तर ग्राहक आयोगात तक्रार चालू आहे, आणि दुसरं म्हणजे नाव सांगून उपयोग नाही, पुढच्या महिन्यात ते तिसरंच असेल. त्यापेक्षा हा धंदा चालतो कसा ते सांगतो. मग पाटी कुठलीही लावली तरी ओळखू येईल.

आमची ओम्नी म्हणजे केळीच्या बागेची गाडी. माणसं कमी आणि पोटॅशच्या गोण्या जास्त, असा तिचा जन्म गेला. आपल्याकडे हवा कोरडी, त्यामुळे गाड्या सडत नाहीत असं म्हणतात, पण पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मीठच ते. गोणीतून सांडलेलं मॅटखाली गेलं, त्यावर पावसाळ्याची ओल बसली, की पत्रा आतून पापडासारखा सुटतो. गाडीला पंधरा वर्षं होत आलेली, आरटीओत री-पासिंगला न्यायची होती. मॅट उचलली तर ड्रायव्हरच्या पायाखालून रस्ता दिसायला लागला. एका डेंटरने गॅस वेल्डिंगने तळ बदलायचे अठरा हजार सांगितले. दुसऱ्याने तर भोकांवर जाळी चिकटवतो, लांबी म्हणजे पुट्टी भरतो आणि वरून काळा डांबरी रंग मारून देतो, पासिंगला कुणी वाकून बघत नाही, असं तोंडावर सांगितलं. सीटचे आणि बेल्टचे बोल्ट त्याच तळाला बसलेले असतात, ही गोष्ट त्याला सांगावी तर तो आपल्यालाच वेड्यात काढणार. घरी शेड आहे, ग्राइंडर आहे, हात चालतो. म्हटलं, वेल्डिंगच शिकून घेऊ.

जाहिरात नेमकी अशा माणसासाठीच बनवलेली. ‘तीन दिवसांत कार बॉडी वेल्डिंग शिका, २५० अँपिअरचं मिग मशीन फ्री, ऑटो डार्क हेल्मेट फ्री, सरकारमान्य सर्टिफिकेट.’ मिग म्हणजे हातातल्या बंदुकीसारख्या टॉर्चमधून वायर आपोआप पुढे सरकत वितळते आणि गॅस त्या जोडाला हवेपासून वाचवतो, असं वेल्डिंग. पाच हजार यूपीआयवर आगाऊ, बाकी पहिल्या दिवशी रोख. आगाऊ रक्कम गेली ती एका बाईच्या वैयक्तिक खात्यावर. विचारलं तर म्हणाले, सर, आमच्या अकाउंटंट मॅडम आहेत.

डेमो मात्र बघण्यासारखा होता, यात वाद नाही. गोदामात मोठं मशीन, शेजारी कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, रेग्युलेटर, सगळं साग्रसंगीत. शिकवणारा मुलगा हाताला पक्का होता, त्याची बीड, म्हणजे वेल्डिंगची रेघ, एकसारखी, नाण्यांची चळत आडवी पाडल्यासारखी. पण तो लावत होता कशावर? अँगलवर आणि तीन मिलिमीटरच्या पट्टीवर. गाडीच्या बॉडीचा पत्रा पाऊण मिलिमीटरच्या आसपास असतो. तीन मिलिमीटरच्या पट्टीवर नवखाही चार तासांत बरी रेघ ओढतो, आणि आम्ही सगळ्यांनी ओढली, एकमेकांचे फोटो काढले. तेच तंत्र पाऊण मिलिमीटरला लावलं की पत्र्याला भोक पडतं, आणि भोक बुजवायला गेलं की मोठं भोक पडतं. पातळ पत्र्यावर सलग रेघ ओढायचीच नसते. एक टाका इथे, दुसरा वीतभर पलीकडे, पहिला थंड झाला की त्याच्या शेजारी तिसरा, असं करत जायचं, नाहीतर उष्णतेने पत्रा फुगतो आणि वाकतो. एवढी साधी गोष्ट त्या क्लासमध्ये कुणी उच्चारली नाही. कारण ती सांगितली असती तर कुणीतरी म्हणालं असतं, दाखवा मग पातळ पत्र्यावर करून.

आणि पेट्रोलच्या टाकीचा विषयच नाही! ओम्नीत इंजिन पुढच्या सीटखाली, पेट्रोलचा पाइप तळाखालून जातो. वेल्डिंगआधी बॅटरीच्या वायरी काढायच्या, टाकी आणि पाइप दूर करायचे, आतलं कार्पेट आणि फोम उचलायचा, शेजारी अग्निशामक नाहीतर निदान पाण्याची बादली आणि एक माणूस ठेवायचा. कार वेल्डिंगच्या नावाने पैसे घेणाऱ्याने पहिल्या तासात सांगायच्या या गोष्टी. फसवणूक पैशांची झाली हे ठीक, पण गाडीसकट पेटलो असतो तर या लेखाचा विषय वेगळा झाला असता, आणि लिहिणाराही.

मशीन घरी आलं ते डेमोतलं नव्हतं. खोका उघडला, मागची बाजू बघितली, तर गॅसची नळी जोडायला जागाच नाही. फोन केला. उत्तर तयार होतं: “सर, ही नवीन टेक्नॉलॉजी आहे, गॅसची गरजच नाही.” आता हे अर्धं खरं आहे, आणि अशा अर्ध्या खऱ्यावरच हा सगळा धंदा उभा आहे. आत फ्लक्स नावाची पूड भरलेली वायर मिळते, ती जळताना स्वतःचा धूर तयार करते आणि तोच वितळलेल्या धातूला हवेपासून वाचवतो. कुंपण, गेट, ट्रॉलीची फळी यांना ती चालते. पण ती गरम जळते, ठिणग्या फार उडवते, आणि पातळ पत्रा खाते. त्यातही खोक्यात आलेली वायर एक मिलिमीटरची. बॉडीच्या कामाला ०.६ किंवा ०.८ ची साधी, तांब्याचा मुलामा असलेली पोलादी वायर आणि गॅस लागतो, म्हणजे कार्बन डायऑक्साइड किंवा त्यात आर्गॉन मिसळलेला. वरून कहर म्हणजे मशीनमध्ये टॉर्च जोडलेली होती प्लसला. गॅस असलेल्या साध्या वायरीला ते बरोबर, फ्लक्सच्या वायरीला टॉर्च मायनसला हवी. म्हणजे जे विकलं तेही नीट जोडून दिलेलं नाही.

मशीन घेऊन गावातल्या वेल्डिंगवाल्या आबांकडे गेलो. आबांनी आयुष्यभर नांगर, वखर आणि बैलगाड्यांचे आख जोडलेत. त्यांनी मशीन चालू करायच्या आधी अर्थिंगच्या केबलचं टोक हातात घेतलं, खिशातला चाकू काढला आणि एक तार खरवडली. वरचा तांबूस रंग गेला, आतून पांढरी निघाली. अॅल्युमिनियम, वरून तांब्याचा मुलामा. जाड दिसते, वजनाला हलकी, आणि दहा मिनिटांत हाताला चटका देते. मग मशीनच्या पाटीवरून अंगठा फिरवला, तर पाटीचा कोपराच उचलला गेला. स्टिकर होता. आबा म्हणाले, “हाई मशीन गेटनी शे, गाडीनी नही, भो.” आणि चहा सांगितला.

त्या स्टिकरबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सगळ्यांत जास्त माणसं तिथेच गंडतात. ठळक अक्षरांत ‘मिग २५०’. हा मॉडेल क्रमांक आहे, अँपिअर नव्हेत. हिशेब कुणालाही जमण्यासारखा आहे. मिगला २५० अँपिअरवर साधारण २६ व्होल्ट लागतात, गुणाकार केला तर साडेसहा किलोवॅट. घरातल्या १६ अँपिअरच्या सॉकेटमधून २३० व्होल्टवर जास्तीत जास्त ३.७ किलोवॅट निघतात. म्हणजे ‘घरच्या प्लगवर २५० अँपिअर’ ही थाप आहे, कंपनी कुठलीही असो. खऱ्या पाटीवर ड्यूटी सायकल लिहिलेली असते: किती अँपिअरवर दहा मिनिटांतली किती मिनिटं मशीन सलग चालेल. ६० टक्के म्हणजे सहा मिनिटं काम, चार मिनिटं विश्रांती. तेही साधारणपणे ४० अंश तापमान धरून मोजलेलं असतं. जळगाव-भुसावळचा मे महिना ४५ च्या घरात जातो, तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये त्यातलंही किती उरेल ते तुम्हीच ठरवा. माझ्या स्टिकरवर ड्यूटी सायकल नव्हती, बनवणाऱ्याचा किंवा आयात करणाऱ्याचा पत्ता नव्हता, एमआरपी नव्हती.

आणि खरं सांगायचं तर गाडीच्या पत्र्याला २५० अँपिअर करायचे काय? तिथे तीस-चाळीस-पन्नासचं काम असतं. मशीन वर किती जातं हे दुकानदार न विचारता सांगतो. खाली किती येतं, आणि तिथे ज्योत स्थिर राहते का, हे विचारलं की गडबडतो.

हेल्मेटची तऱ्हा वेगळीच. ऑटो डार्क हेल्मेट उन्हाकडे धरलं की काच झटकन काळी व्हायला हवी. आम्हाला मिळालेल्यात सेन्सरसारख्या दिसणाऱ्या दोन टिकल्या होत्या, मागे नुसतं हिरवट प्लॅस्टिक. रावेरकडच्या एका मुलाने ते घालून दुपारभर सराव केला आणि रात्री डोळ्यांत वाळू टाकल्यासारखं होऊन तळमळत बसला. वेल्डिंगच्या प्रकाशाने डोळ्याचं बुबुळ भाजतं आणि दुखणं काही तासांनी सुरू होतं, म्हणून काम करताना काही कळत नाही. सकाळी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यावं लागलं.

आता कागदांकडे येतो. पैसे परत मागितले तेव्हा समोरून मिळालेलं वाक्य असं: “सर, मशीन तर फ्री होतं, फ्री वस्तूला वॉरंटी नसते.” पावती काढून बघितली. तीवर फक्त ‘प्रशिक्षण शुल्क’ लिहिलेलं, मशीनचा उल्लेखच नाही, आणि खाली ‘फी परत मिळणार नाही’ असा शिक्का. म्हणजे ‘फ्री’ हा शब्द गिऱ्हाईक ओढायला तर होताच, पण नंतर हात झटकायलाही होता. वकील मित्राने २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा उघडून दाखवला. कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापार प्रथांची यादी आहे. एखाद्या वस्तूची किंमत घेतलेल्या रकमेत पूर्ण किंवा काही अंशी धरलेली असताना ती फुकट दिल्याचा आभास करणं, हेही त्यात येतं. आमची तक्रार त्याच मुद्द्यावर उभी आहे.

पावतीवर जीएसटी नंबरही होता, मोठ्या दिमाखात. पंधरा अक्षरांचा हा नंबर बोलका असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, गुजरातचे २४. पुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा पॅन. नंबरातलं सहावं अक्षर बघायचं: कंपनी असेल तर ‘सी’, भागीदारी असेल तर ‘एफ’, एकटा माणूस असेल तर ‘पी’. बोर्डावर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ आणि नंबरात ‘पी’! जीएसटीच्या पोर्टलवर करदाता शोधायची सोय फुकट आहे, तिथे टाकला तर नोंदणी रद्द झालेली निघाली. आमच्याकडून मात्र फी ‘जीएसटीसह’ घेतली होती.

सर्टिफिकेटवर क्यूआर कोड आहे. स्कॅन केला की त्यांचीच वेबसाइट उघडते आणि अभिनंदन करते. बोर्डावर ‘एमएसएमई नोंदणीकृत’ असंही होतं. लघुउद्योगांची ती ‘उद्यम’ नोंदणी स्वतःच्याच घोषणेवर फुकट मिळते, पापडाच्या घरगुती धंद्यालाही मिळते. शिकवण्याच्या दर्जाचा तिच्याशी संबंध नाही. आयटीआयचा वेल्डर ट्रेड वर्षभराचा आहे, यावरून तीन दिवसांच्या ‘सरकारमान्य’चा अंदाज यावा.

सध्या मी आबांच्या शेडमध्ये शिकतोय, शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याच्या गॅसच्या मशीनवर, वायर आणि गॅसचा खर्च माझा. सरावाला भंगारातलं एक बॉनेट आणलंय, त्याचे तळहाताएवढे तुकडे कापून जोडतो. कुठल्याही क्लासच्या डेमोला जाल तेव्हा असाच एक तुकडा पिशवीत न्या आणि सांगा की जे मशीन माझ्या घरी येणार आहे त्यावर, माझ्या पत्र्यावर, माझ्यासमोर दोन तुकडे जोडून दाखवा. आमच्या ओळखीच्या एकाने धुळ्याच्या गोदामात हेच केलं. तर सांगण्यात आलं की आज लाइट नाही. पंखा डोक्यावर फिरत होता.

ज्यांचे पैसे आधीच गेलेत त्यांच्यासाठी: ऑनलाइन पैसे नुकतेच गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, उशीर झाला की पुढच्या खात्यातून ते निघून जातात. वस्तू किंवा क्लासबद्दलची तक्रार १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर घेतात. तिथे समोरच्याने दाद दिली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन दाखल करता येते. आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. एकाच क्लासने फसवलेले बरेच जण असतील तर आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रारही होते. आम्ही तशीच केली आहे. पावती, चॅट, यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि जाहिरातीचं स्क्रीन रेकॉर्डिंग जपून ठेवा, कारण पोस्ट गायब होतात. आणि मशीन रागाने फुंकून टाकू नका, मुख्य पुरावा तेच आहे. आमच्यातल्या एकाने ते भंगारवाल्याला बाराशेला देऊन टाकलं. आता आयोगापुढे हजर करायला त्याच्याकडे फक्त ते हिरव्या प्लॅस्टिकचं हेल्मेट आहे.