सामुदायिक रेडिओची परवानगी: अर्ज सोपा, घोडं अडतं टॉवरपाशी

माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या ‘ब्रॉडकास्ट सेवा’ पोर्टलवर सामुदायिक रेडिओसाठी, म्हणजे स्थानिक संस्था आपल्या परिसरासाठी चालवतात त्या छोट्या रेडिओ केंद्रासाठी, अर्ज करणं आता बरंच सुटसुटीत झालं आहे. प्रक्रिया शुल्क २,५०० रुपये. शिक्षणसंस्था, कृषी विज्ञान केंद्र किंवा किमान तीन वर्षं नोंदणी झालेली ना-नफा संस्था अर्ज करू शकते. व्यक्ती आणि राजकीय पक्ष मात्र नाही. फेब्रुवारी २०२४ च्या नव्या मार्गदर्शक तत्त्वांमुळे पहिली परवानगी थेट १० वर्षांची मिळते. केंद्राच्या सल्लागार व आशय समितीत निदान निम्म्या स्त्रिया हव्यात ही अट तर फारच चांगली.

खरी कसोटी लागते इरादापत्र, म्हणजे मंत्रालयाची प्राथमिक संमती, हातात पडल्यावर. त्याची मुदत एक वर्ष, वर तीन महिन्यांची सवलत. तेवढ्यात दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी या फ्रिक्वेन्सी वाटणाऱ्या शाखेकडून फ्रिक्वेन्सी, टॉवरच्या जागेसाठी ‘सॅक्फा’ या समितीची मंजुरी, २५,००० रुपयांची बँक गॅरंटी, मंत्रालयाशी करार आणि शेवटी वायरलेस परवाना, एवढं सगळं उरकायचं असतं. इथे सर्वाधिक घोळ अक्षांश-रेखांशांचा होतो. मोबाइल १७.५ अंश दाखवतो, अर्जात १७ अंश ५० मिनिटं लिहिलं जातं. खरं उत्तर १७ अंश ३० मिनिटं. कागदावरचा टॉवर त्यामुळे सदतीस किलोमीटर सरकतो आणि अर्ज परत येतो. म्हणून जागेचा करार आणि मोजणी अर्जाआधीच करून ठेवा. मंजुरीनंतर जागा बदलली की सॅक्फाची फेरी पुन्हा पहिल्यापासून.

यंत्रसामग्रीत ट्रान्समीटर साधारण ५० वॅटचा, प्रभावी प्रक्षेपण (अँटेनाने एका दिशेला वाढवलेली शक्ती धरून) १०० वॅटपर्यंत, अँटेना जमिनीपासून ३० मीटरपर्यंत. पल्ला १० ते १५ किलोमीटर. पुष्कळ संस्था ट्रान्समीटर चांगला घेतात आणि पैसे वाचवतात ते ट्रान्समीटरपासून अँटेनापर्यंतच्या केबलवर. हे चुकीचं आहे. आरजी-२१३ जातीची ३० मीटर केबल सुमारे दोन डेसिबल (शक्तीतली घट मोजायचं एकक) खाते, म्हणजे ५० वॅटपैकी अँटेनापर्यंत ३१-३२ वॅटच पोचतात. अर्ध्या इंचाची फोम केबल वापरली तर ४३ वॅटच्या आसपास. त्यावर दोन डायपोलची (दोन साध्या दांड्यांच्या अँटेनांची जोडी) अँटेना लावली की मर्यादेच्या आत राहून १०० वॅटच्या जवळ जाता येतं. कोकण-घाटमाथ्यावर दुसरा शत्रू पाऊस. कनेक्टरमध्ये पाणी शिरलं की परावर्तित शक्ती, म्हणजे अँटेनाकडून उलटी परत येणारी, वाढते आणि ट्रान्समीटर स्वतःच आपली शक्ती कमी करतो. जोडांवर आधी स्वयंजोड रबरी पट्टी, तिच्यावर पीव्हीसी टेप, आणि केबल आत वळवण्याआधी खाली एक झोळ सोडायचा, म्हणजे पाणी तिथूनच गळून पडतं. वीजरोधक आणि अर्थिंग पहिल्या वळवाआधी तपासून घ्या.

चालू झाल्यावर खर्च भागतो का? तासाला १२ मिनिटं जाहिराती चालतात, सरकारी जाहिरातींचा दर दहा सेकंदांना ७४ रुपये. सगळी मिनिटं भरली तर तासाला ५,३२८ रुपये होतात, पण अंदाजपत्रक या आकड्यावर कधीही बेतू नका. निम्मे कार्यक्रम स्थानिक पातळीवर तयार व्हायला हवेत. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या जशाच्या तशा देता येतात. हवामान, पाणीपुरवठा, परीक्षांचे निकाल, रोजगार यांच्या सूचना मात्र चालतात. प्रत्येक कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण तीन महिने जपावं लागतं, तेव्हा दोन हार्डडिस्क ठेवा.

या व्यवस्थेत सगळ्यात जास्त खटकते ती अल्पमुदतीच्या परवान्याची उणीव. ब्रिटनमध्ये ऑफकॉम ही प्रसारण नियामक संस्था एखाद्या उत्सवापुरता किंवा कार्यक्रमापुरता २८ दिवसांपर्यंतचा मर्यादित परवाना देते. आपल्याकडे आषाढीला पंढरपुरात हरवलेल्या माणसांच्या सूचना, पाण्याची ठिकाणं, दवाखाने सांगणारं पंधरा दिवसांचं केंद्र एखाद्या संस्थेला काढायचं असेल, तर सामुदायिक रेडिओच्या धोरणात त्याला जागाच नाही. १० वर्षांची परवानगी किंवा काहीच नाही. दूरचित्रवाणीची गत आणखी अवघड. सामुदायिक टीव्ही असा प्रकारच नाही. स्थानिक वाहिनी केबलचालकामार्फतच, त्याच्या नोंदणीवर दाखवावी लागते.

तूर्त, उत्सवाची जागा एखाद्या चालू केंद्राच्या टप्प्यात असेल तर तीन-चार महिने आधी तिथे जाऊन भेटा. परवानगी हस्तांतरित होत नाही, त्यामुळे प्रक्षेपणाची वेळ भाड्याने मिळणार नाही. कार्यक्रम केंद्राचाच, जबाबदारीही त्यांचीच. तुम्ही माणसं आणि माहिती पुरवायची.