एसएसडी मेली, वॉरंटीत देऊन आले आणि रात्री शांत झोपले : सेल्फ एन्क्रिप्टिंग एसएसडीचा ११ महिन्यांचा अनुभव

गेल्या मंगळवारी बदली एसएसडी हातात आली म्हणून आज लिहायला बसले. स्पीड किती, कॉपी किती सेकंदात होते हे यात काही नाही, ते सगळीकडे वाचायला मिळतं. १ टीबी, एनव्हीएमई म्हणजे वेगवान जातीची, ओपल २.० वाली (ओपल म्हणजे डिस्कनं स्वतःच डेटा एन्क्रिप्ट, म्हणजे गुप्त, करायचा स्टँडर्ड), पाच वर्षांची वॉरंटी, बास. कंपनीचं आणि सर्व्हिस काउंटरचं नाव लिहीत नाही, भांडण मिटलंय आणि माझं सांगणं वेगळंच आहे.

कोल्हापुरात शाहूपुरीत माझं छोटं ऑफिस आहे, इन्कम टॅक्स आणि जीएसटीची कामं करते, साडेतीनशेच्या आसपास क्लायंट. म्हणजे साडेतीनशे लोकांचं पॅन, आधार, बँक स्टेटमेंट, घराची खरेदीखतं, कुणाच्या घटस्फोटाच्या पोटगीचे हिशेब, कुणाच्या आजारपणाची बिलं, सगळं एका कॉम्प्युटरमध्ये.

२०२२ साली ऑफिसची जुनी एसएसडी एका सकाळी दिसायचीच बंद झाली. वॉरंटी चौदा महिने शिल्लक होती. काउंटरवर गेले तर म्हणाले जुनी जमा करा, बदली मिळेल, जुनी परत मिळणार नाही. मी विचारलं जुनीचं काय करता, तर म्हणे वर पाठवतो. वर म्हणजे कुठे ते त्यालाही माहीत नव्हतं. आता डिस्क चालू होत नाही म्हणजे आतला डेटा गेला असं नसतं ना, कंट्रोलर म्हणजे डिस्क चालवणारी चिप जाते पण साठवणीच्या चिपांवर सगळं जागच्या जागी असतं आणि जाणकार माणूस ते काढू शकतो. लोकांचे कागद असे अनोळखी माणसाच्या हातात द्यायचं मनाला पटेना. डिस्क पर्समध्ये टाकली, परत आले आणि साडेसहा हजार घालून दुसरी घेतली. चौदा महिन्यांची वॉरंटी असून पदरचे पैसे गेले हे मला आजही टोचतं.

यात कुणाला अतिकाळजी वाटली तर वाटू दे. २०१९ चा आणि २०२१ चा पूर मी बघितलाय. व्हीनस कॉर्नर, लक्ष्मीपुरी, आमची शाहूपुरी, पाणी उतरल्यावर दुकानांच्या दारात चिखलानं भरलेले सीपीयू एकावर एक रचलेले होते आणि भंगारवाला ते वजनावर नेत होता. कुणी हार्ड डिस्क काढून घ्यायचं नावही घेत नव्हतं, त्या घाईत कुणाला दोषही देत नाही. पण पाण्यात बुडलेली हार्ड डिस्क स्वच्छ करून वाचता येते, आतली चकती पाण्यानं पुसली जात नाही. तेव्हापासून डिस्क हातातनं जाताना मला भीती वाटते.

तर मागच्या नोव्हेंबरात ऑफिसच्या कॉम्प्युटरला नवीन एसएसडी घ्यायची होती. इंजिनिअरिंगला असलेला भाचा म्हणाला, आत्या, ओपलवाली घे, ती आपोआप एन्क्रिप्ट करते. राजारामपुरीत तीन दुकानं फिरले. पहिल्या दोघांनी 'कसलं ओपल?' म्हणून विचारलं, तिसऱ्यानं कंपनीची डेटाशीट उघडून शोधून दिलं. साधं मॉडेल आणि ओपलवालं मॉडेल यात फरक फक्त साडेचारशे रुपयांचा. आपल्या इथं कोटेशनवर जीबी आणि वॉरंटी लिहितात, ही ओळ कुणी लिहीत नाही, आणि गिऱ्हाईक विचारत नाही म्हणून दुकानदारही सांगत नाही.

पहिले तीन महिने मी खूश होते आणि ते खूश असणं चुकीचं होतं, म्हणून हा भाग नीट वाचा. माझी समजूत अशी की एन्क्रिप्टिंग डिस्क घेतली म्हणजे झालं. फेब्रुवारीत भाच्यानं ती काढली, बाहेरच्या केसिंगमध्ये घातली, त्याच्या लॅपटॉपला लावली आणि सगळे फोल्डर धडाधड उघडले. मी हबकलेच. मग त्यानं समजावलं ते असं. डिस्कच्या कंट्रोलरमध्येच एईएस २५६ या गुप्त करायच्या पद्धतीचं इंजिन असतं, लिहिताना प्रत्येक अक्षर गुप्त होऊन चिपवर जातं आणि वाचताना परत सरळ होऊन येतं. त्याची किल्ली डिस्कच्या आतच तयार होते, बाहेर येत नाही. आपण पासवर्ड ठेवत नाही तोवर ती किल्ली कुणालाही वापरायला मोकळी असते. म्हणजे दाराला कुलूप आहे, पण ते लावायचं आपल्याला! पासवर्ड ठेवला की ती किल्लीच बंद होते. म्हणूनच पासवर्ड बदलला तरी १ टीबी परत लिहावं लागत नाही, क्षणात होतं. आणि डिस्क पुसायची असेल तर आतली किल्ली बदलायची, काही सेकंदांत सगळा डेटा कायमचा कचरा. साधी हार्ड डिस्क पूर्ण पुसायला तास न् तास जातात हे ज्यांनी केलंय त्यांना याची किंमत कळेल.

तर असं की ज्यांच्याकडे ही सोय आहे त्यातल्या कितीतरी जणांनी ती कधी चालूच केलेली नसणार. मी तीन महिने त्यातलीच होते.

कुलूप लावायला आमच्या बोर्डाच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, ऑप्शनच नव्हता. काही लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क पासवर्ड म्हणून असतो, डेस्कटॉपला आमच्याकडे नाही. शेवटी भाच्यानं सेडयुटिल नावाचं फुकट सॉफ्टवेअर वापरून केलं. आता कॉम्प्युटर चालू केला की विंडोजच्या आधी एक काळी स्क्रीन येते, तिथं पासवर्ड टाकायचा, मग विंडोज. स्पीड कमी झालाय असं कधी जाणवलं नाही, कारण एन्क्रिप्शन आधीपासून चालूच होतं, आपण फक्त कुलूप लावलं. दोन गोष्टी मात्र लक्षात घ्या. एक, कॉम्प्युटर चालू आहे तोवर डिस्क उघडी असते, नुसता रिस्टार्ट केला तर लॉक होईलच असं नाही, वीज पूर्ण तुटली की लॉक होते. मी संध्याकाळी पूर्ण शटडाउन करून स्विच बंद करते. दोन, स्लीप मोड विसरायचा, या पद्धतीत स्लीपमधून उठताना आमचा कॉम्प्युटर अडकायचा म्हणून बंदच करून टाकला.

मार्चमध्ये भाचा आणखी एक गोष्ट घेऊन आला आणि माझं मत परत हललं. २०१८ मध्ये नेदरलँड्सच्या राडबाउड विद्यापीठातल्या कार्लो मायर आणि बर्नार्ड फान गास्टेल या दोघांनी तेव्हाच्या काही एसएसडी तपासल्या, क्रुशलच्या एमएक्स मालिकेतल्या तीन, सॅमसंगच्या ८४० इव्हो आणि ८५० इव्हो, शिवाय टी३ आणि टी५ या बाहेरून लावायच्या. त्यातल्या काहींत पासवर्ड आणि आतली किल्ली यांची गाठच मारलेली नव्हती, फर्मवेअरमध्ये, म्हणजे डिस्कच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये, हात घालून पासवर्डशिवाय डेटा काढता येत होता. आणि त्या काळी बिटलॉकर, म्हणजे विंडोजची स्वतःची एन्क्रिप्शनची सोय, काय करायचं, डिस्कनं 'मी एन्क्रिप्ट करते' म्हटलं की स्वतः काहीच करायचं नाही, डिस्कवर सोडून मोकळं. मग सप्टेंबर २०१९ च्या अपडेटपासून मायक्रोसॉफ्टनं ते बदललं, आता नवीन डिस्कवर बिटलॉकर सुरुवातीपासून सॉफ्टवेअरनंच एन्क्रिप्ट करतं. ओपलचा पहिला स्टँडर्ड ट्रस्टेड कम्प्युटिंग ग्रुप या कंपन्यांच्या संघटनेनं २००९ मध्ये आणला, आज कितीतरी एसएसडींच्या डेटाशीटवर ते नाव दिसतं, तरी विंडोज आपणहून ते वापरत नाही, त्याचं मोठं कारण हे.

मग मी साडेचारशे रुपये पाण्यात घातले का? दोन दिवस याच विचारात होते. तुमच्याकडे विंडोज प्रो असेल तर सरळ बिटलॉकर लावा, रिकव्हरी की कागदावर काढून कपाटात ठेवा, ओपलसाठी वेगळे पैसे घालू नका, हे मी मनापासून सांगते. २०२४ मधल्या विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून तर नवीन कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन बऱ्याचदा आपोआपच चालू होतं, होमवाल्यांनासुद्धा. पण आमचा कॉम्प्युटर जुना, विंडोज होम, त्यावर ते दिसेना, आणि प्रो करायला लागणारा खर्च साडेचारशेच्या कितीतरी पट. आणि मला भीती विद्यापीठातल्या संशोधकांची नाही, मला भीती काउंटरवरच्या आणि भंगारातल्या हातांची आहे. त्यासाठी हे पुरेसं आहे असं ठरवलं, फर्मवेअर अपडेट करून घेतलं आणि पुढं गेले.

आता लेबल. या सगळ्या अनुभवात मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल तर त्या लेबलाचा.

ओपलवाल्या डिस्कवर पीएसआयडी नावाचा ३२ अक्षरांचा नंबर छापलेला असतो. पासवर्ड विसरला तर हा नंबर टाकून डिस्क कोरी करता येते. डेटा मिळत नाही, पण डिस्क तरी वापरता येते. हा नंबर दुसरीकडे कुठेच नसतो, डिस्कला विचारला तरी ती सांगत नाही, फक्त लेबलावर. आणि छापतात कसा, मुंगीच्या पायाएवढा. शून्य की ओ, आठ की बी, भिंगातनं बघावं लागतं. वर कहर म्हणजे या एम.२ डिस्कवर, म्हणजे बोर्डावरच बसणाऱ्या पट्टीसारख्या डिस्कवर, बोर्डाचा हीटसिंक (गरमी ओढून घेणारी धातूची पट्टी) बसतो, त्याखाली चिकट थर्मल पॅड, आणि तो पॅड बरोबर लेबलावर. पाच वर्षं वॉरंटीची वस्तू, तिचा सगळ्यात महत्त्वाचा नंबर अशा जागी की एकदा बसवली की दिसणारच नाही, आणि काढायला गेलं तर लेबल पॅडला चिकटून फाटणार. डब्यात एक जाडसर कार्ड घालून त्यावर हाच नंबर मोठ्या अक्षरात छापायला किती खर्च येतो? रुपया?

गणपतीच्या सुट्टीनंतर ऑफिस उघडलं आणि पासवर्ड लागेना. वहीत लिहिलेला होता, पण अक्षर शून्य की ओ तेच कळेना. पाच वेळा चुकलं की डिस्क पुढं ऐकूनच घेत नाही, पूर्ण बंद करून परत चालू करावी लागते. दुपारपर्यंत प्रयत्न केले, मग हात टेकले. हीटसिंक काढला आणि अर्धं लेबल पॅडसोबत निघून आलं. त्या क्षणी डोळ्यात पाणी आलं माझ्या. सुदैवानं फेब्रुवारीत डिस्क बाहेर काढली होती तेव्हा भाच्यानं मोबाईलवर लेबलाचा फोटो काढून ठेवला होता. त्यावरनं ३२ अक्षरं टाकली, डिस्क कोरी झाली, घरच्या बॅकअपमधनं रात्री अकरापर्यंत सगळं परत आणलं, कुलूपही परत लावलं. बॅकअप आदल्या शनिवारचा होता म्हणून निभावलं. लॉक असलेल्या डिस्कला रिकव्हरीवाला कुठलाही जादूगार उपयोगी नाही, चिपा काढल्या तरी आत नुसती खिचडी, त्यामुळं बॅकअप नसेल तर या वाटेला जाऊच नका.

आणि महिन्याभरात तीच डिस्क मेली. बायोसमध्ये दिसेनाच. अकरावा महिना, वॉरंटी चार वर्षं शिल्लक.

काउंटरवर गेले. आधी तिथला मुलगा म्हणाला लेबल फाटलंय, वॉरंटी बाद. मी बिल दाखवलं, बिलावर सिरियल नंबर होता, फोटोतल्या अख्ख्या लेबलावर तोच. मग म्हणाला मॅडम, डिस्कला लॉक असेल तर पासवर्ड फॉर्मवर लिहून द्या. मी म्हटलं का? तर 'फॉरमॅट आहे'. मी म्हटलं वॉरंटीच्या कागदात कुठं लिहिलंय ते दाखवा, मी लगेच लिहून देते. दाखवता येईना. मग वरिष्ठांना फोन, मग उद्या या, मग परवा या. तिसऱ्या दिवशी मी कंपनीच्या तक्रार ईमेलवर बिल, लेबलाचा फोटो आणि त्या फॉर्मचा फोटो पाठवला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, पासवर्डची गरज नाही, क्लेम घ्या. बारा दिवसांनी बदली डिस्क मिळाली.

डिस्क त्या मुलाच्या हातात देताना मला २०२२ ची दुपार आठवत होती. या वेळी मी पावती घेतली, सही केली आणि निघाले. ती आता पुण्याला जाऊ दे, बाहेरदेशी जाऊ दे, दुरुस्त करून दुसऱ्याला विकू दे. साडेतीनशे लोकांचं काहीही त्यातनं निघणार नाही. पाच वर्षांची वॉरंटी डब्यावर सगळेच छापतात, पण आमच्यासारख्यांना ती खरोखर वापरता येते ती फक्त कुलूप लावलेल्या डिस्कची.

मोठ्या कंपन्या, बँका, हॉस्पिटलं हे आधीपासून घेतायत ते याच कारणानं, त्यांच्या डिस्क रोज बदलतात आणि प्रत्येक डिस्क हातोड्यानं फोडत बसणं परवडत नाही. अमेरिकेच्या निस्ट संस्थेच्या डेटा पुसण्याच्या मार्गदर्शिकेत किल्ली नष्ट करणं ही मान्य पद्धत आहे. आपल्याकडे २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आलाय, त्यात सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे. तेवढा दंड माझ्यासारखीला कोण करणार असं म्हणू नका, काळजी घ्यायची जबाबदारी छोट्या ऑफिसवरही आहेच. पण खरं सांगायचं तर मी कायद्यासाठी केलं नाही. लोक विश्वासानं फाईल ठेवून जातात म्हणून केलं, आणि साडेसहा हजार परत जाऊ नयेत म्हणून.

नवीन डिस्क आली तेव्हा बसवायच्या आधी टेबलावर ठेवून लेबलाचे तीन फोटो काढले, एक भाच्याला पाठवला, ३२ अक्षरं रजिस्टरमध्ये मोठ्या अक्षरात उतरवली, शून्याला आडवी रेघ मारून, आणि ते पान बिलाला स्टेपल केलं. या वेळी पासवर्डात शून्य आणि ओ दोन्ही नाहीत. थर्मल पॅड आणि लेबलाच्या मध्ये काही घालता येईल का ते भाच्याला विचारलंय, तो म्हणतो गरम होईल, नको.

राजारामपुरीतल्या त्या तिसऱ्या दुकानदाराला मी हे सगळं सांगितलं. परवा पुढच्या टेबलाच्या कॉम्प्युटरसाठी त्याच्याकडनंच कोटेशन घेतलं, त्यात त्यानं स्वतःच्या हातानं 'ओपल २.०' लिहिलेलं होतं.