लिंक्डइनवर कंपनीचा लोगो: प्रोफाइलच्या पट्टीत की कंपनीच्या पानावर?

बेळगावच्या उद्यमबागेतील एखाद्या फाउंड्रीच्या मालकाला लिंक्डइनवर आपला लोगो दिसावा असे वाटते, तेव्हा त्याच्यापुढे दोन मार्ग असतात. पहिला सोपा आहे: स्वतःच्या प्रोफाइलच्या वरच्या आडव्या पट्टीत, १५८४ बाय ३९६ पिक्सेलच्या चित्रात, लोगो बसवायचा. तेथे मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशी तिन्ही नावे शेजारीशेजारी मावतात, आणि आपल्या सीमाभागात ही लहान गोष्ट नव्हे. मात्र तो लोगो त्या एकाच प्रोफाइलपुरता राहतो.

दुसऱ्या मार्गात कंपनीचे स्वतंत्र पान उघडून त्यावर चौरस लोगो चढवावा लागतो. त्यानंतर खानापूरचा अभियंता असो वा निपाणीचा विक्री प्रतिनिधी, त्याने अनुभवाच्या रकान्यात कंपनीचे नाव नुसते टाइप न करता सुचवलेल्या यादीतून निवडले, की त्याच्या नोंदीपुढे लोगो आपोआप उमटतो. पुढे पानावर तो बदलला, की सर्वांकडे बदलतो. लहानशा चौरसात तीन भाषांतील नावे वाचता येत नाहीत, म्हणून तेथे केवळ चिन्ह ठेवावे. चार माणसे कामाला असलेल्या कारखान्यानेही, माझ्या मते, हाच मार्ग धरावा. पानाचे व्यवस्थापन मात्र एकाच कर्मचाऱ्याच्या हाती ठेवू नये, कारण तो नोकरी सोडून गेला तर लोगो बदलण्याचा अधिकारही त्याच्याबरोबर जातो.