जागतिक इतिहास आणि पब्लिक हिस्टरी: एम.ए.च्या आठ महिन्यांनंतर

मॅसॅच्युसेट्समध्ये जागतिक इतिहासात एम.ए. करतेय, जोडीला पब्लिक हिस्टरी, म्हणजे संग्रहालयं, मुलाखती अशा वाटांनी सर्वसामान्य लोकांपर्यंत इतिहास नेण्याचं काम. आठ महिने झाले. यायच्या आधी मराठीत याबद्दल काहीच वाचायला मिळालं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिलं सत्र जड गेलं. आठवड्याला तीन पुस्तकं, प्रत्येकावर दोन पानी टिपण आणि वर्गात एकच प्रश्न: लेखकाचं म्हणणं तुला पटलं का? बी.ए.ला मी कारणं आणि परिणाम पाठ करून निभावलं होतं. इथे पुस्तकाशी वाद घालावा लागतो. महिनाभर मी गप्प होते.

तोंड उघडलं ते कापसावरून. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवी युद्धात दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि मुंबईच्या कापसाचे भाव आभाळाला भिडले. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि मुंबईतल्या बँका, बॅकबेच्या समुद्रात भराव टाकून जमीन तयार करू पाहणाऱ्या कंपन्या धडाधड बुडाल्या. एवढं मला माहीत होतं. पण इथून तासाभरावरच्या लॉवेल गावातल्या गिरण्या गुलामांनी पिकवलेल्या कापसावर उभ्या राहिल्या, तिथलं जाडंभरडं कापड पुन्हा गुलामांच्याच अंगावर जाई आणि ते त्या कापडाला ‘लॉवेल’च म्हणत, हे इथे कळलं. तिथल्या गिरणीतल्या मुलींनी १८३४ आणि १८३६ मध्ये संप केले होते. जागतिक इतिहास म्हणजे प्रत्येक देशाचा थोडाथोडा इतिहास, अशी माझी समजूत होती. ती तिथेच गेली.

लॉवेलच्या बूट मिलमध्ये आता संग्रहालय आहे. जुने साचे, म्हणजे कापड विणायचे यंत्रमाग, खरोखर चालवून दाखवतात, आत जाताना कानात घालायला बोळे देतात. माझे आजोबा परळच्या गिरणीत साचेखात्यात होते, १८ जानेवारी १९८२ च्या संपापर्यंत. व्हिडिओ कॉलवर त्यांना साचे दाखवले. आवाजात बोलणं ऐकूच येईना. आजोबा नुसते बघत राहिले आणि बाहेर आल्यावर म्हणाले, “एवढ्या साच्यांना माणसं कुठायत?”

त्या सत्रात आम्हाला संग्रहालयातल्या एका वस्तूवर ७५ शब्दांत माहितीफलक लिहायचा होता. मी धोटा घेतला, म्हणजे मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणारं लाकडी साधन. पूर्वी विणकर धोट्याच्या भोकाला तोंड लावून धागा ओढून काढत. क्षय पसरतो म्हणून मॅसॅच्युसेट्सने १९११ मध्ये अशा धोट्यांवर बंदी घातली. माझा पहिला मसुदा २१० शब्दांचा, सुरुवात औद्योगिक क्रांतीपासून. सात मसुदे झाले. शेवटच्याचं पहिलं वाक्य: ‘या भोकाला विणकराचे ओठ लागत.’ शब्द कसा वाचवायचा हे मला याच फलकाने शिकवलं, कुठल्याही प्रबंधाने नाही.

मौखिक इतिहासासाठी आजोबांची मुलाखत घेतली, तेव्हा संमतीपत्र मराठीत केलं. सही करण्याआधी त्यांनी विचारलं, “म्हणजे मग माझं बोलणं कुणाच्या मालकीचं?” मूळ छापील नमुन्यात हक्क पूर्णपणे संग्रहाकडे जात होते. प्राध्यापकांशी बोलून आम्ही कलम बदललं: छापण्याआधी त्यांना वाचून दाखवायचं, नको वाटेल ते काढायचं. अभ्यासक्रमातला हा भाग सर्वांत मोलाचा आहे.

आता तक्रार. प्रवेशाच्या वेळी ‘इंटर्नशिप मिळवून देतो’ असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात ईमेल पत्त्यांची एक यादी हातात आली, त्यातले निम्मे पत्ते बंद. शिवाय अमेरिकी सरकारच्या संग्रहालयांत आणि राष्ट्रीय उद्यानांत बहुतेक पक्क्या नोकऱ्यांना नागरिकत्व लागतं. इतिहास ‘स्टेम’मध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या विषयांत) बसत नाही, त्यामुळे शिक्षणानंतर कामासाठी बाराच महिने मिळतात. हे कुणीही आधी सांगत नाही. शिष्यवृत्ती नसेल तर कर्ज काढून येऊ नका, असं मी स्पष्ट सांगेन. मला फीमाफी मिळाली, म्हणून जमलं.

इंग्रजीची भीती मात्र बाळगू नका. इथल्या वर्गात मराठी वाचता येणारी मी एकटी आहे. मुंबईच्या कामगारांवर कुणी काही मांडलं की मराठी साधनं कुठली वापरली हे मी विचारते, आणि तो प्रश्न गांभीर्याने घेतला जातो.

जूनमध्ये लालबागला येतेय. आजोबांच्या चाळीतल्या, गिरणीच्या वाइंडिंग (सूत गुंडाळण्याच्या) खात्यात काम केलेल्या दोन आज्या बोलायला तयार आहेत. त्यांची अट एकच आहे, रेकॉर्डिंग दुपारी जेवणं झाल्यावर करायचं.