केझॅलॉक की डेव्हएम_केझॅलॉक: ड्रायव्हरच्या रिव्ह्यूत मेमरी आणि नावे

लिनक्स कर्नलसाठी ड्रायव्हर लिहिताना प्रोब फंक्शनच्या (डिव्हाइस ड्रायव्हरला जोडताना कर्नल ते चालवतो) पहिल्या काही ओळींतच एक निर्णय करावा लागतो: ड्रायव्हरची खासगी रचना (त्याची माहिती ठेवणारा स्ट्रक्ट) केझॅलॉकने, म्हणजे शून्यांनी भरलेली मेमरी देणाऱ्या फंक्शनने, घेऊन वेळ आल्यावर स्वतः केफ्रीने सोडायची, की डेव्हएम_केझॅलॉकने घेऊन ते काम कर्नलवर सोपवायचे. रिव्ह्यू करणारे पुष्कळदा सवयीनेच दुसरा पर्याय सुचवतात. बहुतेक ड्रायव्हरांना तो मानवतोही. मात्र जिथे मानवत नाही, तिथला दोष चाचणीत सहसा दिसत नाही.

डेव्हएमची व्यवस्था 2007 मध्ये, 2.6.21 या आवृत्तीत आली. तिने घेतलेली संसाधने डिव्हाइसशी जोडलेली राहतात आणि प्रोब फसला किंवा ड्रायव्हर डिव्हाइसपासून वेगळा झाला की घेतल्याच्या उलट क्रमाने आपोआप सुटतात. त्यामुळे चुकांच्या वाटेवरचा मजकूर जवळजवळ नाहीसा होतो, आणि त्या वाटा क्वचितच चालवून पाहिल्या जात असल्याने हा लाभ मोठा आहे.

साध्या केझॅलॉकमध्ये ही वाट गोटूच्या, म्हणजे ठरलेल्या ओळीवर उडी मारणाऱ्या आज्ञेच्या, लेबलांनी बांधावी लागते, आणि तिथे नावांचा प्रश्न मेमरीच्या प्रश्नात मिसळतो. एर1, एर2, एर3 अशी लेबले दिली की मध्ये एखादी नवी पायरी घालताना सगळे आकडे बदलावे लागतात, आणि त्यातला एक जरी राहून गेला तरी मेमरी गळते किंवा दोनदा सुटते. त्याऐवजी एर_फ्री_बफर असे काय सुटणार ते सांगणारे नाव दिले, तर प्रत्येक उडी योग्य ठिकाणी जाते की नाही हे रिव्ह्यू करणाऱ्याला तिथल्या तिथे पडताळता येते. सगळ्या उड्या एकाच 'एर' लेबलावर आणण्याचा मोहही टाळावा. केफ्रीला नल (कुठेही न दाखवणारा रिकामा पॉइंटर) दिलेले चालते, पण फू हा पॉइंटरच नल असताना केफ्री(फू->बार) चालत नाही. ही चूक इतकी नेहमीची आहे की कर्नलच्या कोडिंग-स्टाइल दस्तऐवजात तिचे उदाहरणच दिले आहे.

डेव्हएमची मर्यादा आयुर्मानाची आहे. ड्रायव्हरने स्वतःचे कॅरेक्टर डिव्हाइस (प्रोग्रामांना फाइलीसारखे उघडता येणारे उपकरण) उपलब्ध करून दिले असेल, एखाद्या प्रोसेसने ती फाइल उघडी ठेवली असेल आणि तेवढ्यात यूएसबी उपकरण काढले गेले, तर खासगी रचना लगेच सुटते, पण फाइल उघडीच राहते. त्या फाइलीवरचा पुढचा रीड किंवा आयऑक्टल (उपकरणाला आज्ञा देणारा कॉल) सोडून दिलेल्या मेमरीला हात घालतो. अशा रचनेसाठी केझॅलॉक घेऊन संदर्भ, म्हणजे ती अजून किती जण वापरत आहेत ते, मोजावेत आणि शेवटचा संदर्भ सुटेल तेव्हाच केफ्री करावे. तसेच ओपनसारख्या पुन्हा पुन्हा चालणाऱ्या फंक्शनमध्ये डेव्हएम वापरल्यास ड्रायव्हर वेगळा होईपर्यंत मेमरी साचत राहते. डेव्हएम_केफ्री उपलब्ध आहे खरे, पण त्याची वारंवार गरज पडत असेल तर निवडच चुकली असे मी समजतो.

दोन्ही पद्धतींची सरमिसळ मला सर्वांत धोक्याची वाटते. इंटरप्ट (उपकरणाकडून येणारा इशारा) डेव्हएमने मागितला आणि त्याचा हँडलर, म्हणजे इशारा आला की चालणारे फंक्शन, वापरतो तो बफर रिमूव्हमध्ये (ड्रायव्हर वेगळा होताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) हाताने सोडला, तर इंटरप्ट मात्र रिमूव्ह परतल्यानंतरच सुटतो. मधल्या क्षणी तो आला की हँडलर सुटलेल्या बफरवर लिहितो.

फंक्शनपुरत्या तात्पुरत्या मेमरीसाठी 2023 मधील 6.5 आवृत्तीपासून चलाची व्याप्ती, म्हणजे ते ज्या ब्लॉकमध्ये घोषित केले तो ब्लॉक, संपताच केफ्री करणारी खूणही मिळते. पॉइंटरला घोषणेतच किंमत दिली नाही, तर ती खूण कचरा पत्ता सोडू पाहते. रिव्ह्यूत एवढे पाहावे.

पर्याय कोणताही असो, आकार साइजऑफ(*प्रिव्ह) असा लिहावा (प्रिव्ह म्हणजे खासगी रचनेचा पॉइंटर), कारण रचनेचे नाव लिहिले आणि पुढे पॉइंटरचा प्रकार बदलला तर आकार गुपचूप चुकीचा राहतो. अनेक घटकांसाठी संख्या आणि आकार यांचा गुणाकार करून केझॅलॉकला देण्याऐवजी दोन्ही वेगळे घेणारे केकॅलॉक वापरावे, म्हणजे ओव्हरफ्लो (गुणाकार मर्यादेबाहेर जाणे) तपासला जातो. मेमरी न मिळाल्याचा वेगळा संदेश छापण्याची गरज नसते. अ‍ॅलोकेटर तो सहसा स्वतःच छापतो.

फंक्शनांच्या नावांत मात्र मी अधिक काटेकोर राहीन. गेट म्हटले की कर्नलच्या वाचकाला संदर्भ वाढला असे वाटते आणि तो जोडीचा पुट शोधतो. आत केवळ केमॅलॉक (मेमरी घेणारे साधे फंक्शन) असेल तर अ‍ॅलॉक आणि फ्री ही जोडीच हवी, नाहीतर सोडण्याची जबाबदारी कोणाची हे हाक मारणाऱ्याला कळत नाही. फाइलीबाहेर दिसणाऱ्या नावाला ड्रायव्हरचा उपसर्ग हवाच. लूपमधल्या 'आय'वर मात्र वाद घालू नये.

बोर्डवर कायम जोडलेला, आयआयओसारख्या (सेन्सरांसाठीच्या) कर्नलच्या उपप्रणालीतूनच वापरला जाणारा सेन्सर असेल तर डेव्हएम घ्यावे, कारण उघड्या फाइलींचे आयुर्मान ती उपप्रणाली सांभाळते. स्वतःचे कॅरेक्टर डिव्हाइस देणाऱ्या ड्रायव्हरने संदर्भ मोजून केझॅलॉक वापरावे, आणि "हे उपकरण कधी काढलेच जात नाही" हा युक्तिवाद रिव्ह्यूत मान्य करू नये: सिसएफएसमधील (कर्नल आपली उपकरणे जिथे फाइलींच्या रूपात दाखवतो तिथल्या) अनबाइंड फाइलीत डिव्हाइसचे नाव लिहून रूट वापरकर्ता उपकरणाला हातही न लावता ड्रायव्हर वेगळा करू शकतो.