कोरडी गच्ची आणि नऊ ‘नव्या’ ट्यूब

आमचे घर नागपूरच्या त्रिमूर्तीनगर भागात असून गच्चीवर पाणी तापवायचे 200 लिटरचे, 20 काचेच्या ट्यूबचे सोलर आहे. यंदा डिसेंबरात, हिवाळी अधिवेशनाच्या गडबडीत आणि पहाटेचा पारा 10 अंशांच्या आसपास रेंगाळत असताना, या सोलरने आम्हाला छळायला सुरुवात केली. वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरात एखाद्या दिवशी चटका बसेल इतके गरम पाणी येई, तर दुसऱ्या दिवशी तितकेच ऊन पडलेले असूनही ते जेमतेम कोमट असे. कधी तर अंगाला साबण लावेपर्यंत गरम आणि ओतून घेताना गार, असाही प्रकार होई. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्या 82 वर्षांच्या आईची मात्र काहीच तक्रार नव्हती. ती सहा वाजता कढत पाण्याने आंघोळ उरकून देवापुढे बसलेली असे.

सोलरच्या टाकीवर कंपनीचा सेवा क्रमांक छापलेला आहे. तो गच्चीवर जाऊन पाहण्याचा आळस केला आणि मोबाइलवर कंपनीचे नाव टाकून जो क्रमांक सर्वांत वर आला तो लावला, ही माझी पहिली चूक. समोरच्याने कंपनीचेच नाव घेऊन नमस्कार केला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक तरुण दारात हजर झाला. त्याने वर जाऊन दहा मिनिटांत निदान केले. “काकाजी, नऊ ट्यूबचा व्हॅक्यूम गेला आहे. बोअरच्या पाण्यानं आत क्षारही लई जमले. मी सांगून राहिलो ना, आज नाही बदलल्या तर टाकी बाद होईन.” मोबाइलवर त्याने ट्यूबच्या पांढऱ्या पडलेल्या टोकांचे फोटो दाखवले. आमच्याकडे बोअरचे पाणी आहे आणि ते जड आहे, त्यामुळे त्याचे म्हणणे पटले. काच फुटून अंगावर येऊ शकते, म्हणून काम चालू असताना कोणी वर यायचे नाही, असेही त्याने बजावले. त्याची काळजी पाहून मला त्याचे कौतुकच वाटले, हे आता लिहिताना लाज वाटते.

चाळीस मिनिटांनी तो खाली आला. 850 रुपयांप्रमाणे नऊ ट्यूबचे 7,650, क्षार काढण्याचे 2,200 आणि मजुरीचे 1,500, असे एकूण 11,350 रुपये झाले. पावती म्हणून वहीतल्या पानावर ‘एस्टिमेट’ लिहिलेला कागद मिळाला, ज्यावर ना जीएसटी क्रमांक होता ना पत्ता. पैसे कंपनीच्या नव्हे, तर एका व्यक्तीच्या खात्यावर गेले. तेही मी पाहिले आणि सोडून दिले.

पुढचे दोन दिवस घरात सगळ्यांना भरपूर गरम पाणी मिळाले. त्याच दोन दिवसांत आई वर्ध्याला माझ्या बहिणीकडे गेली होती, या योगायोगाकडे कोणाचे लक्ष जाण्याचे कारण नव्हते. ती परतली आणि कोमट पाणीही परतले. मी पुन्हा फोन केला, तेव्हा आता टाकीतला मॅग्नेशियमचा रॉड संपला असून त्याचे 3,800 रुपये लागतील, असे उत्तर आले. इथे मात्र मी थांबलो आणि आमच्या गल्लीतल्या जुन्या प्लंबरला बोलावले.

त्याने गच्चीवर आल्याबरोबर ट्यूबकडे पाहिलेसुद्धा नाही. “हा प्रेशर पंप कधी बसवला?” हा त्याचा पहिला प्रश्न. पंप दिवाळीत बसवला होता. साध्या सोलरची टाकी पंपाचा दाब सोसत नाही, म्हणून तो फक्त गार पाण्याच्या लाइनवर बसवलेला होता आणि सोलरला पाणी वरच्या टाकीतून थेट, आपल्या उताराने जात होते. प्लंबरने सोलरमध्ये गार पाणी नेणारा व्हॉल्व्ह बंद केला आणि मला वरच्या न्हाणीघरातला गरम पाण्याचा नळ उघडायला सांगितले. पाइपातले आणि टाकीच्या वरच्या भागातले थोडे पाणी वाहून धार थांबायला हवी होती. ती थांबली तर नाहीच, उलट जोरात येऊ लागली आणि पाणी बर्फासारखे गार होते. “सोलरमध्ये पाणी जाणंच बंद आहे, मग हे गरम नळातून येणारं पाणी कुठलं?” असे विचारून तो खाली आईच्या न्हाणीघरात गेला. तिथल्या मिक्सरच्या, म्हणजे गरम आणि गार पाणी एकत्र करणाऱ्या नळाच्या, दोन्ही चाव्या उघड्या होत्या आणि पाणी बंद केलेले होते ते हातात धरायच्या शॉवरच्या बटणाने.

आईची बोटे संधिवाताने आखडली आहेत. चाव्या पिळण्यापेक्षा बटण दाबणे तिला सोपे जाते, म्हणून ती आंघोळीनंतर चाव्या तशाच सोडून देत असे. पुढे तोंड बंद असल्यामुळे पंपाच्या जोराचे गार पाणी मिक्सरमधूनच गरम लाइनमध्ये शिरत होते आणि उलटे वर चढून सोलरच्या टाकीतले पाणीही गार करत होते. सकाळभर पंप घुमत असे, तो घरातल्या वापरामुळे, असे आम्ही धरून चाललो होतो. दहा वाजता कामवाल्या मावशी न्हाणीघर धुताना चाव्या बंद करत आणि दिवसभरच्या उन्हाने टाकी पुन्हा तापत असे. ज्या दिवशी आई उशिरा आंघोळीला जाई, त्या दिवशी वरच्यांना कढत पाणी मिळे. प्लंबरने मिक्सरच्या दोन्ही लाइनींवर पाणी उलटे जाऊ न देणारे व्हॉल्व्ह बसवले आणि सामानासह 900 रुपये घेतले.

मग मी त्याला त्या नऊ ट्यूब दाखवल्या. तो हसला. चांगल्या ट्यूबच्या खालच्या टोकाला आतून आरशासारखा चंदेरी मुलामा असतो आणि काचेच्या दोन थरांमधली निर्वात पोकळी (व्हॅक्यूम) गेली की तो दुधासारखा पांढरा पडतो. आमच्या वीसही ट्यूबची टोके लखलखत होती. निर्वात पोकळी गेलेली ट्यूब उन्हात बाहेरूनही तापते, पण आमच्या ट्यूबना भर उन्हात हात लावला तर काच थंड लागत होती. या नव्या असल्यामुळे असे असेल, ही माझी शेवटची आशा त्याच्या पुढच्या प्रश्नाने संपवली. “त्या दिवशी गच्चीवर पाणी किती सांडलं होतं?”

या प्रकारच्या सोलरमध्ये ट्यूब थेट टाकीत बसवलेल्या असतात आणि टाकीतले पाणीच त्यांच्यात उतरते. टाकी रिकामी केल्याशिवाय एकही ट्यूब काढता येत नाही, कारण ती ओढली की वरचे पाणी त्या भोकातून बाहेर पडते. शिवाय उन्हात तापलेल्या कोरड्या ट्यूबमध्ये गार पाणी गेले तर ती तडकते, त्यामुळे जाणकार माणूस हे काम पहाटे किंवा ट्यूब झाकून करतो. आमच्याकडे दुपारी एक वाजता, चाळीस मिनिटांत, नऊ ट्यूब ‘बदलल्या’ गेल्या होत्या आणि तो गेल्यावर पापड वाळत घालायला वर गेलेल्या माझ्या पत्नीने गच्ची ठणठणीत कोरडी पाहिली होती. त्या नऊंपैकीच असलेल्या, डावीकडून चौथ्या ट्यूबवर गेल्या वर्षी कठडा रंगवताना पडलेला पिवळ्या रंगाचा ठिपकाही जागच्या जागी होता. त्या तरुणाने ट्यूब फक्त ओल्या फडक्याने पुसल्या होत्या.

टाकीवरच्या खऱ्या क्रमांकावर विचारले, तेव्हा कंपनीने आमच्याकडे कोणालाही पाठवले नसल्याचे कळले. मी 1930 या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण बराच उशीर झाला होता. 1930 वर त्याच दिवशी कळवले असते, तर पैसे पुढे काढले जाण्याआधी अडकण्याची शक्यता जास्त होती, असे मला सांगण्यात आले. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही, पण तक्रार करायची तर समोरच्याचे नाव आणि पत्ता हवा. माझ्याकडे आहे तो वहीतला कागद.

गेल्या आठवड्यात मी पत्नीच्या मोबाइलवरून तोच क्रमांक पुन्हा लावून पाहिला. तोच आवाज होता, तसाच अदबीचा नमस्कार होता, फक्त या वेळी त्याने पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रांच्या एका कंपनीचे नाव सांगितले आणि आमचा पत्ता विचारला.